निवृत्ती ओव्हाळ बी.एस्सी. होतात

मळवलीचे निवृत्ती ओव्हाळ एक्केचाळीस वर्षं रेल्वेत काढून जून महिन्याच्या तीस तारखेला निवृत्त झाले. साहेबांनी हार घातला, शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि आता नातवंडांत रमा असं सांगितलं. ओव्हाळांनी मान डोलावली. त्यानंतर बाराव्या दिवशी ते लोणावळ्यातल्या एका कॉलेजच्या खिडकीपुढे, प्रथम वर्ष विज्ञानाच्या रांगेत उभे होते.

खिडकीतल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "नातवाचं नाव लिहा."

"नातवाचं न्हाई. माजं."

"तुमचं नाव पालक म्हणून खाली लिहायचं, काका. वर विद्यार्थ्याचं."

"विद्यार्थी मीच हाय," ओव्हाळ म्हणाले आणि त्यांनी १९८० सालची बारावीची गुणपत्रिका बाहेर काढली. प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेली होती. जीवशास्त्रात शंभरपैकी एकाहत्तर.

बाईंनी ती मागूनपुढून पाहिली, आत जाऊन कुणाला तरी दाखवली. आत बरीच चर्चा झाली. वयाची अट कुठल्याच परिपत्रकात सापडेना. शेवटी असं ठरलं, की बारावीनंतर शिक्षणात खंड पडलेल्या विद्यार्थ्याला द्यावं लागतं ते प्रतिज्ञापत्र ओव्हाळांनीही द्यावं. वडगावला कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टनं विचारलं, "खंड किती?"

"बेचाळीस वर्सं."

"कारण?"

ओव्हाळांनी जरा विचार केला. "नोकरी."

टायपिस्टनं 'घरगुती अडचण' असं टाइप केलं, कारण त्याच्याकडे तेवढंच छापील होतं.

खरी हकिगत अशी. बारावी झाल्यावर ओव्हाळ तळेगावच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले होते. मॅट्रिकच्या पुढं गेलेलं घरातलं ते पहिलंच पोर. वडील रेल्वेत गँगमन. त्यांना कावीळ झाली आणि आठ दिवसांत ते गेले. साहेब घरी आले, वडिलांच्या जागी मुलाला घेऊ म्हणाले. आई येसूबाई आणि पाठच्या दोन बहिणी घरात. एकोणिसाव्या वर्षी निवृत्ती गँगमध्ये लागला आणि पुढे कीमॅन झाला. कीमॅन म्हणजे खांद्यावर हातोडा आणि झेंडे घेऊन रोज पाच-सहा किलोमीटर रुळावरून जायचं, तेवढंच परत यायचं, आणि रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या. गावात त्यांना चावीवालेच म्हणत. पगार वेळेवर, काम चोख. दोन्ही बहिणींची लग्नं झाली, मुलगा चाकणला कंपनीत लागला. बी.एस्सी.चा विषय त्यांनी घरात कधीच काढला नाही. त्यामुळे शालनबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तो रोगच आहे हे कळायला फार उशीर झाला.

"लोकं काय म्हनतील?" शालनबाई म्हणाल्या.

"कुनाला सांगू नगंस."

त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही. शेजारी विचारत, रोज सकाळी पिशवी घेऊन भाऊ कुठं जातात? शालनबाई सांगत, गुडघ्याच्या व्यायामाला.

त्या पिशवीत पहिल्या दिवशी एक चपटा डबा होता. तळेगावला घेतलेला चिरफाडीचा संच : कात्री, चिमटे, सुया, दोन सुऱ्या. तेव्हा बेडूक कापायची पाळी येण्याआधीच कॉलेज सुटलं होतं. ओव्हाळांनी तो बेचाळीस वर्षं तेल लावून ठेवला होता. प्रयोगशाळेतल्या शिपायानं डबा उघडून पाहिला आणि तो हसला. "आबा, आता कापाकापी बंद झाली. तक्त्यावर बघायचं आणि वहीत काढायचं."

डबा घरी परत आला. कात्री शालनबाईंनी दुधाच्या पिशव्यांना घेतली. फार धारदार आहे म्हणाल्या.

वर्गातली मुलं त्यांना आबा म्हणू लागली. ओव्हाळ पहिल्या बाकावर बसत, कारण मागून फळा दिसत नसे. पुस्तकं इंग्रजीत. रेल्वेतलं इंग्रजी वेगळं. त्यात वाक्य एका ओळीत संपतं आणि त्यात काहीतरी करायला सांगितलेलं असतं. हे इंग्रजी अर्धं पान चालायचं आणि शेवटी काही करायलाही सांगायचं नाही. कान्हे गावची प्रेरणा नावाची मुलगी शेजारी बसे. ती मधल्या सुट्टीत त्यांना परिच्छेद वाचून मराठीत सांगायची आणि ओव्हाळ तिच्या आकृत्या काढून द्यायचे. त्यांची रेघ सरळ यायची. एवढी, की बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रेरणाची वही पाहून ही छापील आहे का असं विचारलं. त्याच परीक्षकांनी ओव्हाळ तोंडी परीक्षेला आत आले तेव्हा उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला आणि "आपण कुठल्या कॉलेजकडून?" असं विचारलं. ओव्हाळ म्हणाले, "रोल नंबर सत्तावन्न." चहा आला होता, तो दोघांनीही पिऊन टाकला.

वनस्पतिशास्त्राला अनघा मॅडम होत्या. तिशीच्या, पुण्याहून येणाऱ्या, मनापासून शिकवणाऱ्या. जन्मभर डोंगराच्या कडेनं चाललेला माणूस आपल्या वर्गात आहे, याचा त्यांना इतका आनंद झाला होता, की पहिल्याच सहलीला, भाजे लेण्यांच्या पायवाटेवर, त्यांनी सगळ्यांना थांबवलं.

"आज मी शिकवणार नाही. आज काका शिकवतील. काका, ही समोरची वनस्पती. तुमच्याकडे हिला काय म्हणतात? कशावर वापरतात?"

चाळीस मुलांनी मोबाईल वर धरले. ओव्हाळांनी वनस्पतीकडे नीट पाहिलं. खाली वाकून पाहिलं.

"गवत असंल," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. मॅडम म्हणाल्या, "संकोच करू नका, काका. तुमच्यासारख्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान असतं."

"न्हाई ओ मॅडम. आमचा बाप बी रुळावरच व्हता. एकेचाळीस वर्सं मी रूळ बघितला. डावीकडचा, उजवीकडचा. फुलाकडं बघितलं तर तेवढ्यात चावी ऱ्हायची. म्हनून तर आलोय हितं."

मॅडमना हा विनय वाटला. त्यांनी मुलांना सांगितलं, खरे जाणकार असेच असतात. त्या दिवसापासून कॉलेजात ओव्हाळांची जाणकार म्हणून ख्याती झाली. रसायनशास्त्राच्या सरांनी त्यांना गाठून मूळव्याधीवर काय घ्यावं ते विचारलं. ग्रंथपालांनी केस गळण्याबद्दल विचारलं. ओव्हाळ सगळ्यांना एकच सांगत, डॉक्टरला दाखवा. लोक समजत, की म्हातारा विद्या सांगत नाही.

आणि इकडे ओव्हाळांना पुस्तकातलंच वेड लागलं होतं. पहिल्या सत्रात सूक्ष्मदर्शकाखाली पानाची साल ठेवली होती. दोन-दोन पेशी समोरासमोर आणि मध्ये फट. ओव्हाळांनी डोळा लावला तो काढेचनात. मागे रांग लागली.

"आबा, झालं का?"

"ह्ये उगाडतं आनि मिटतं?"

"हो. त्यातून हवा जाते-येते," प्रेरणा म्हणाली.

"परत्येक पानाला?"

"प्रत्येक."

"आनि रोज?"

ते बाजूला झाले, पण त्या दिवशी घरी जाताना फाटकाजवळच्या करंजाखाली बराच वेळ उभे राहिले. शालनबाईंना सांगितलं, एवढी दारं आहेत पानाला आणि सगळी वेळेवर उघडतात, वर कुणी साहेब नाही. शालनबाई म्हणाल्या, "जेवून घ्या."

दुसऱ्या वर्षी वनस्पती ओळखायचं शास्त्र आलं. जाड इंग्रजी पुस्तक. त्यात एकेक प्रश्न. पानं समोरासमोर असतील तर या ओळीवर जा, नसतील तर त्या ओळीवर. असं करत नावापर्यंत पोचायचं. मॅडम म्हणाल्या, याला 'की' म्हणतात. ओव्हाळ ताठ बसले. ही चावी मात्र त्यांना कुणापेक्षाही आधी जमली. एक ओळ सोडून पुढं जायचं नाही, घाई करायची नाही, शंका आली तर मागं येऊन पुन्हा बघायचं. मुलं मोबाईलवर फोटो टाकून क्षणात नाव काढत आणि दहापैकी चार चुकवत. ओव्हाळांना एका झाडाला वीस मिनिटं लागत. परीक्षेत वीस मिनिटांत तीन झाडं ओळखायची होती. त्यांनी एकच ओळखलं, अगदी बरोबर, आणि तेहतीस टक्के मिळवले.

त्याच वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघे रेल्वेतच झिजले होते. दोन महिने ते घरी पडून राहिले. प्रेरणा मोबाईलवर वहीच्या पानांचे फोटो पाठवायची. काठी टेकत कॉलेजात आले तर सूचनाफलकावर यादी लागली होती. हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या पालकांसह उपप्राचार्यांना भेटावे, अन्यथा परीक्षेस बसू दिले जाणार नाही. यादीत रोल नंबर सत्तावन्न होता.

ओव्हाळ कार्यालयात गेले. "पालक म्हंजी कोन चालंल?"

कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "आई किंवा वडील. काका-मामा आणू नका, मागच्या वर्षी एकानं रिक्षावाला आणला होता."

दुसरा कुणी असता तर जाऊन हसत-हसत मिटवून आला असता. पण एक्केचाळीस वर्षं लेखी सूचनेवर चाललेला माणूस. लिहिलंय तसं करायचं. सोमवारी सकाळी ओव्हाळ आईला घेऊन लोकलनं लोणावळ्याला आले. येसूबाई ऐंशीच्या घरात. पांढरं लुगडं, पायात मुलाच्याच जुन्या चपला. एक काठी आईची, एक मुलाची. फाटकावरच्या पहारेकऱ्याला येसूबाईंनी जयभीम घातला आणि विचारलं, "मोठं सायेब कुटं बसत्यात?"

उपप्राचार्य पंचेचाळिशीचे होते. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं. "पालक आलेत का?"

"ही काय," ओव्हाळ म्हणाले.

"या आजी?"

"आजी न्हवं. आई," येसूबाई म्हणाल्या.

उपप्राचार्यांची पंचाईत झाली. सकाळपासून ते बारा पालकांशी बोलले होते आणि तोंडात तेच वाक्य बसलं होतं. दुसरं काही सुचेपर्यंत तेच बाहेर पडलं. "तुमच्या मुलाची हजेरी कमी भरली आहे."

येसूबाई मुलाकडे वळल्या. "का रं? का कमी भरली?"

"गुडघा, आये. आपरेशन न्हाई का झालं."

"मंग तसं सांग की सायबाला. तोंड न्हाई व्हय तुला?"

"सांगितलंय. दाखला बी दिलाय."

"दाखला आहे," उपप्राचार्य घाईनं म्हणाले. "पण नियम आहे ना, आजी... आई. सगळ्यांना सारखा."

येसूबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"सायेब, ह्याला कालेजातनं एक डाव म्या काढलाय. तळेगावला. बावीस दिस गेलता. बाप गेला आनि म्या म्हनलं, वह्या ठिव वर. त्यानं ठिवल्या. एक शबुद बोलला न्हाई. रागानं बी न्हाई. तवा घरात खायाला लागत व्हतं, म्हनून म्या काढला. आता तुमी काढू नगा. एका मान्साला दोनदा काढत न्हाईत."

ओव्हाळ खाली बघत होते. बावीस दिवस. ते दिवस आपण एकट्यानं मोजले आहेत, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती.

उपप्राचार्यांनी हमीपत्र पुढं केलं. 'माझा पाल्य यापुढे नियमित उपस्थित राहील व शिस्तीने वागेल.' त्यांनी ते वाचून दाखवलं. येसूबाईंनी विचारलं, "शिस्तीनं वागत न्हाई का?" उपप्राचार्य म्हणाले, "वागतात, वागतात." मग साक्षरता वर्गात शिकलेली सही येसूबाईंनी सावकाश केली. उपप्राचार्यांनी ती होईपर्यंत टेबलावरचा कागद स्वतः धरून ठेवला.

बाहेर आल्यावर येसूबाईंनी इमारतीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्येच व्हय ते कालेज? मला वाटलं लय मोठं असंल."

तिसऱ्या वर्षी प्रकल्प आला. अनघा मॅडमनी ओव्हाळांचा विषय आधीच ठरवून ठेवला होता : मावळातील पारंपरिक वनौषधी. त्यावर त्यांना स्वतःलाही एक शोधनिबंध लिहायचा होता. ओव्हाळांना पेशींवर करायचं होतं; पण मॅडमनी सांगितलं म्हणजे करायचं. आपल्याला काही ठाऊक नाही हे पुन्हा एकदा सांगून ते ठाऊक असलेल्याच्या शोधात निघाले. गँगमधल्या एका जुन्या सोबत्याची बहीण, अंबूबाई, आंदर मावळात औषध देते असा बोलबाला होता. सकाळची एकच एसटी, पुढं तासभर चाल. ओव्हाळ नव्या गुडघ्यानं चढून गेले.

अंबूबाई पंचाहत्तरीची, भाताची खाचरं सांभाळणारी बाई. तिनं चहा दिला आणि एकामागून एक सोळा झाडं सांगितली. कशाचा पाला, कशाची साल, किती दिवस. ओव्हाळ लिहीत होते. बाराव्या झाडाला अंबूबाई अडखळली आणि आत हाक मारली, "अगं, त्ये साखरंवरचं काय व्हतं गं?"

सून मोबाईल घेऊन बाहेर आली. व्हिडिओ लावला. कुठल्यातरी शहरातला गृहस्थ, मागे कुंडीतली झाडं. तिघांनी मिळून तो शेवटपर्यंत पाहिला.

"आक्का," ओव्हाळांनी विचारलं, "ही समदी हितलीच हायेत का?"

अंबूबाईनं काही लपवलं नाही. "खरं सांगू का, भाऊ? मला म्हाईत व्हती चार. ती बी जनावराची. बैलाला सूज आली, गाय पान्हवली न्हाई, असली. पर मानसं लांबून येत्यात. गाडी घिऊन येत्यात. त्येंना रिकामं कसं धाडायचं?"

ओव्हाळांनी परत येऊन अहवाल लिहिला. सोळा झाडं, आणि पुढं एक रकाना : माहितीचा उगम. चार ठिकाणी 'स्वतःचा अनुभव (जनावरे)'. बारा ठिकाणी 'मोबाईल'.

अनघा मॅडमनी तो वाचला. "काका, हा रकाना नको. निबंधात असं नाही लिहीत."

"पन तसंच हाय, मॅडम."

"मला कळतंय. पण मग प्रकल्पात उरतं काय?"

"चार झाडं."

"हा रकाना काढलात तर मी चांगले गुण देऊ शकेन."

ओव्हाळ कधी नव्हे ते अवघडले. "मॅडम, आमच्या डायरीत जे बघितलं त्येच लिवायचं. बघितलं न्हाई त्ये 'ठीक' लिवलं, तर पुढं गाडी येती."

रकाना राहिला. पंचवीसपैकी अकरा गुण मिळाले. शेऱ्यात लिहिलं होतं, 'स्थानिक ज्ञानपरंपरेशी परिचय कमी.' पण अनघा मॅडम वाईट नव्हत्या. महिन्याभरानं त्या स्वतः आंदर मावळात जाऊन आल्या. अंबूबाईनं त्यांना वीस झाडं सांगितली. मॅडमनी पाठवलेला निबंध मागं घेतला. ओव्हाळांना मात्र त्यांनी हे सांगितलं तेव्हा गुण विद्यापीठाकडे जाऊन पोचले होते. "मला माफ करा, काका," त्या म्हणाल्या. ओव्हाळ म्हणाले, "असू द्या. चार तर खरी निगाली."

निकाल लागला. द्वितीय श्रेणी. आनुवंशशास्त्रात वर्गात तिसरे, वनौषधींत काठावर पास. प्रेरणा पहिल्या श्रेणीत आली आणि तळेगावच्या औषध कंपनीत तपासणीच्या कामाला लागली. शालनबाईंनी आळीत पेढे वाटले. "आमच्या घरात बी.एस्सी. झालं," त्या सांगत. बायका विचारत, "कोण, नातू?" नातू पाचवीत होता. शालनबाई म्हणत, "घ्या हो पेढा."

त्या श्रावणात तिकोणा पेठेकडच्या एका रिसॉर्टमधून बोलावणं आलं. तिथला व्यवस्थापक सुहास नावाचा तरतरीत तरुण होता. शनिवार-रविवार पाहुण्यांना घेऊन 'वनौषधी सफर' करायची, असं काम. ओव्हाळांनी गुणपत्रिका पुढं ठेवली. सुहासनं ती आदरानं पाहिली.

"फारच छान, काका. या वयात! ग्रेट." मग आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त हे गेस्टना सांगू नका. त्यांना जंगलातला माणूस हवा असतो. बी.एस्सी. त्यांच्यातले सगळेच असतात."

त्यांना मुंडासं आणि घोंगडी दिली. घोंगडी नवी होती, अंगाला टोचत होती. रविवारी सकाळी चौदा पाहुणे निघाले. पहिल्याच झाडापाशी ओव्हाळ थांबले, पानं समोरासमोर आहेत ते दाखवलं, फुलाच्या पाकळ्या मोजायला लावल्या, कूळ सांगितलं, लॅटिन नाव सांगितलं. एका लहान मुलीला भिंगातून पानाची शीर दाखवली; ती तिथून हलायला तयार होईना. एका बाईंनी विचारलं, "बाबा, हे कशावर चालतं? माझे गुडघे फार दुखतात."

"ह्ये कशावर बी न्हाई चालत. गुडघ्याचं आपरेशन करून घ्या. म्या केलंय. झ्याक हाय."

दुपारी सुहास अवघडून आला. पाहुण्यांची तक्रार होती. माणूस चांगला आहे, पण अस्सल वाटत नाही. "माझा नाइलाज आहे, काका."

ओव्हाळांनी मुंडासं नि घोंगडी घडी करून दिली आणि रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत दगडावर बसले. शेजारी भाजीची पाटी घेऊन एक बाई बसली होती.

"कुटं कामाला हायसा का हितं, आबा?"

"व्हतो. सकाळी लागलो, दुपारी सुटलो."

"अगं बया! काय केलंसा?"

"खरं नाव सांगितलं झाडाचं."

बाईनं पाटीतली एक पालेभाजीची जुडी काढली. "ह्याचं काय नाव वो? आमी नुसतं रानभाजी म्हनतो."

ओव्हाळांनी चष्मा लावला, जुडीतलं एक पान वेगळं केलं आणि पिशवीतलं जाड पुस्तक काढलं. एसटी आली तेव्हा ते सातव्या ओळीवर होते. बाईनं पाटी उचलली, ड्रायव्हरला हात केला आणि म्हणाली, "चला, बशीत बसून बघा."